बंधाऱ्यातून ऊस पलीकडे: गोदाकाठच्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण बीड आणि जालना जिल्ह्यांच्या मधून वाहणाऱ्या गोदावरीच्या एका बंधाऱ्यावरचं आहे. गाव, कारखाना आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. शेतकऱ्यांच्या या गटाचा हिशेब आणि कागद मांडून देण्याच्या कामात मी होतो, त्यामुळे यातलं बरंच जवळून पाहिलं आहे.

नदीतून मालवाहतूक हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच जहाजांवर, टर्मिनलवर आणि शेकडो किलोमीटरच्या मार्गांवर जातं. इथे सगळा प्रश्न तीनशे मीटर पाण्याचा होता. माझं मत आता पक्कं झालंय की मराठवाड्यात पाण्याने माल न्यायचा तर विचार नदीच्या लांबीने करण्यात अर्थ नाही, तिच्या रुंदीने करावा लागेल. असं का, ते या प्रकरणातून दिसावं.

पार्श्वभूमी

पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, 1976 साली पूर्ण झाला. त्यानंतर खालच्या पात्रात आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव असे एकाखाली एक उच्च पातळी बंधारे उभे राहिले. पावसाळ्यात दारं उघडी असतात, पूर ओसरला की टाकतात, आणि मागे पाणी तुंबतं. जिथे पूर्वी दिवाळीनंतर बैलगाडी उताराने, म्हणजे पात्र उथळ असेल त्या वाटेने, सरळ पलीकडे जायची, तिथे आता दोन-तीन पुरुष पाणी उभं असतं. या पाण्याने दोन्ही काठांना ऊस आणला आणि याच पाण्याने जुने उतार बुडवले. बंधाऱ्याच्या आराखड्यात सिंचनाचं क्षेत्र मोजलेलं असतं, पण तुटलेले गाडीरस्ते कोणी मोजल्याचं मला दिसलं नाही.

कागदावर हे पाणी राष्ट्रीय जलमार्ग आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात 111 जलमार्ग ठरले. त्यातल्या चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात भद्राचलमपासून वर थेट नाशिकपर्यंतची गोदावरी जोडली गेली. नांदेडच्या बाजूची मांजराही, सिंगूर धरणापासून संगमापर्यंत, त्या यादीत आहे. पण सर्वांत लहान वर्गाच्या जलमार्गालासुद्धा 1.2 मीटर खोली आणि 30 मीटर रुंद तळ सलग लागतो. शिवाय आपल्या बंधाऱ्यांना जलपाश नाहीत. जलपाश म्हणजे दोन दारांची कोठी. नाव आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि तिला वरच्या किंवा खालच्या पातळीला न्यायचं. ती सोय नसल्यामुळे एका बंधाऱ्याची नाव दुसऱ्या बंधाऱ्यात जाऊ शकत नाही. नकाशावर सलग दिसणारी गोदावरी हिवाळ्यात वेगवेगळ्या तळ्यांची ओळ असते.

गटाच्या सुरुवातीच्या एका बैठकीत कोणीतरी म्हणालं की जुन्या काळी पैठणचा माल नदीनेच समुद्राला जायचा, आपण तेच परत सुरू करतोय. ऐकायला छान वाटतं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदीत पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला नेत असल्याचं लिहिलं आहे. इंग्रजी अमदानीत गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या मार्गाने वऱ्हाडचा कापूस खाली न्यायची योजना झाली. मधल्या खडकाळ धावत्या पाण्यापाशी ती अडकली आणि 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळली गेली. मराठवाड्याच्या पात्रापर्यंत ती आलीच नव्हती. आपल्याकडे जे होतं ते उताराचं आणि कहार-भोई नावाड्यांचं: पावसाळ्यात माणसं, धान्याची पोती आणि शेळ्या-करडं या काठाची त्या काठाला. गटाला परत आणायचं होतं तेही एवढंच. हे लवकर स्पष्ट झालं म्हणून पुढचे बरेच चुकीचे खर्च टळले.

अडचण

2021-22 चा हंगाम ऊसवाल्यांना आठवत असेल. राज्यात साखरेचं उत्पादन विक्रमी, 137 लाख टनांच्या घरात गेलं, आणि तरी मराठवाड्यात मे उजाडला तेव्हा ऊस फडात उभा होता. तुरे येऊन वाळायला लागलेला. शेवटी सरकारला मे महिन्यात लांबच्या वाहतुकीसाठी 50 किलोमीटरच्या पुढे टनाला किलोमीटरमागे 5 रुपये आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटल्याबद्दल टनाला 200 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं.

या गावाची अडचण त्याहून थोडी वेगळी होती. काठावरच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडच्या कारखान्याची चिमणी दिसायची. घाटापासून कारखाना नऊ-दहा किलोमीटर. मधलं पाणी ओलांडायचं तर पुलावरून वळसा 40 किलोमीटरच्या वर. बंधाऱ्यावरून मोटारसायकल जाते, भरलेल्या ट्रॉलीला परवानगी नाही. झोनबंदी, म्हणजे ठरावीक कारखान्यालाच ऊस देण्याची सक्ती, उठून बराच काळ झाला, शेतकरी हव्या त्या कारखान्याला नोंद देऊ शकतो. पण कारखान्याच्या शेतकी विभागाने त्या गावाचं नाव पाहिलं की तोडीचा कार्यक्रम शेवटी जायचा. ट्रॅक्टर एवढ्या लांब गेला की त्याची दिवसाची एकच खेप व्हायची, आणि यार्डात नंबर लागला तर तीही नाही. दोन कारखान्यांमधलं किमान अंतर महाराष्ट्रात हवाई मोजतात, 25 किलोमीटर. हवाई मोजलं तर हे गाव त्या कारखान्याच्या अगदी पोटात होतं.

तोडलेला ऊस थांबला की वजन घटतं आणि उताराही उतरतो. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 2022-23 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 305 रुपये होती, पण ती कारखान्याच्या काट्यावरची. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. म्हणजे वळशाचा भुर्दंड फिरून शेतकऱ्याच्याच पावतीत येतो.

पर्याय

पूल मागायचा, हा पहिला पर्याय, आणि तो आजही योग्यच आहे. मागणी केली, निवेदनं दिली. पण पुढच्या हंगामाचा ऊस पुलाची वाट पाहत थांबत नाही.

दुसरा पर्याय ऊस पलीकडे नेण्याऐवजी अलीकडेच गुऱ्हाळ टाकण्याचा. माल हलवण्यापेक्षा त्याचं वजन कमी करून हलवा, हे सूत्र मला आवडलं होतं. टनभर उसातून साधारण शंभर किलो गूळ निघतो, तो पिकअपमधून कुठल्याही वाटेने जाईल. पण गुळव्या मिळेना, गुळाचा बाजार हंगामात पडतो, आणि गटातल्या निम्म्या लोकांवर कारखान्याची उचल होती. तो विषय तिथेच थांबला.

तिसरा पर्याय सगळ्यांत भव्य होता: तळ्याच्या लांबीने दहा-बारा किलोमीटर खाली ऊस बार्जमधून न्यायचा आणि कारखान्याच्या जवळ उतरवायचा. एक अश्वशक्ती रस्त्यावर 150 किलो, रुळावर 500 आणि पाण्यावर 4000 किलो हलवते, हा आकडा कोणीतरी मोबाईलवर दाखवला होता. आकडा चुकीचा नाही, पण तो उपयोगी पडतो लांबच्या पल्ल्याला. इथे ऊस आधी गाडीतून बार्जमध्ये, मग बार्जमधून पुन्हा गाडीत, अशी दोनदा चढ-उतार होती. मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन. ऊस हा स्वस्त आणि अवजड माल. त्याला दोनदा हात लागला की हमालीच सगळी बचत खाऊन टाकते. हा हिशेब मांडला तेव्हा उत्साही मंडळींचा विरस झाला, पण आकड्यांवर कोणी भांडलं नाही.

उरला चौथा पर्याय: गाडीसकट पलीकडे न्यायचं. कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला बार्जवरून मोटारी जातात, हे गावातल्या दोघांनी सहलीत पाहिलं होतं.

पहिला निर्णय: ट्रॉली की टायरगाडी

सगळ्यांचा कल ट्रॅक्टर-ट्रॉलीकडे होता. एका ट्रॉलीत दहाएक टन ऊस बसतो, खेपा कमी. तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याने पत्र्याच्या बंद पेट्यांचा तराफा सुचवला: 10 मीटर लांब, 4 मीटर रुंद, पेटीची उंची 90 सेंटिमीटर. हा हिशेब सविस्तर देतो, कारण नाव बुडते ती बहुतेक याच ठिकाणी.

तराफ्याचं क्षेत्रफळ 40 चौरस मीटर. त्यावर 1 टन ठेवला की तो अडीच सेंटिमीटर खाली जातो. स्वतःचं वजन सहा टन धरलं तर रिकामाच 15 सेंटिमीटर बुडलेला. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस मिळून 15 टन मधोमध ठेवले तर एकूण 53 सेंटिमीटर. वर हातभर पेटी कोरडी राहते, सगळं ठीक दिसतं. पण गाडी तराफ्याच्या मधोमध आकाशातून उतरत नाही, ती टोकावरून चढते. आयताकृती तराफ्याच्या अगदी टोकावर आलेलं वजन त्या टोकाला मधोमध ठेवलेल्या वजनाच्या चौपट बुडवतं. भरल्या ट्रॉलीचा 8 टन भार टोकावर आला तर ते टोक 80 सेंटिमीटर खाली, अधिक आधीचे 15. म्हणजे 90 च्या पेटीवर पाणी चढलं. पूर्ण भरलेल्या टायरगाडीचा, बैल धरून, साडेचार टनांचा हिशेब केला तर टोक 60 सेंटिमीटरवर थांबतं.

या एका हिशेबाने निर्णय फिरला. तराफा मोठा करायचा तर पैसे नव्हते. म्हणून ठरलं की एका वेळी दोनच टायरगाड्या न्यायच्या, एक चढून मधे गेल्याशिवाय दुसरी हलायची नाही, आणि ट्रॉली कितीही आग्रह झाला तरी घ्यायची नाही. खेपा वाढणार होत्या, पण गटाने ते मान्य केलं.

दुसरा निर्णय: इंजिन की दोर

इंजिन लावलं की नावेची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याचा दाखला ही सगळी साखळी लागते. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक आणि बिगर-यांत्रिक नावांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यापलीकडे एक साधं कारण होतं. बंधाऱ्याच्या पाण्याला हिवाळ्यात ओढ जवळजवळ नसते. दोन्ही काठांना बांधलेल्या दोराला धरून चार माणसं पंधरा टन सहज सरकवतात, तीनशे मीटरला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

दोर कुठला, यावरून मच्छीमारांशी वाद झाला. पाण्यावर तरंगणारा दोर त्यांच्या जाळ्यांचा आणि काहिली-होड्यांचा शत्रू. त्या पाण्यात मासेमारीचा हक्क त्यांच्या सोसायटीकडे आहे, म्हणजे त्यांचं म्हणणं नुसती तक्रार नव्हती. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, तळाशी पडून राहतो आणि तराफा येईल तिथेच उचलला जातो. तो घेतला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तराफा ओढण्याचं काम त्याच वस्तीतल्या माणसांना दिलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मामांनी वेळूच्या काठीला चिंध्या बांधून सगळं पात्र मापून दिलं. डोह कुठे, जुन्या उताराचा खडक कुठे, वाळू काढून झालेले खड्डे कुठे. कुठल्याही सर्वेक्षणात ते खड्डे नव्हते. घाटाची जागा त्यांच्या काठीने ठरली, आणि ती बरोबर निघाली.

काम कसं उभं राहिलं

तराफा आणला त्याच आठवड्यात महसूलचं पथक येऊन त्याला साखळी लावून गेलं. गोदाकाठी तराफा म्हटला की वाळूचोरी, हे समीकरण आहे. केनी (पात्रातून वाळू ओढायचं साधन) आणि तराफे जाळल्याच्या, तोडल्याच्या बातम्या सतत असतात, आणि ते काम करणारा माणूस चुकत नव्हता. नदीत पत्र्याचा नवाकोरा तराफा दिसला, तर त्याने काय समजायचं? गटाकडे ग्रामसभेचा ठराव होता, पण तो तहसीलला पोचलाच नव्हता. सुटका व्हायला वेळ लागला आणि हंगामाची सुरुवात हातची गेली. सुटला तो अटींवर: तराफ्याला पिवळा रंग आणि मोठ्या अक्षरात नंबर, सूर्य मावळल्यावर दोन्ही दोर सोडून तराफा साखळदंडात, प्रत्येक खेपेची रजिस्टरला नोंद, आणि रजिस्टर तलाठ्याला कधीही पाहता येईल. या अटी गटाने मनापासून पाळल्या. पुढे त्याच रजिस्टरवरून हिशेब करता आला.

पहिल्या दिवशी बैल चढेनात. पाण्याला बुजले असतील म्हणून गाडीवानाने डोळ्यांवर पोतं टाकलं, शेपट्या पिळल्या, काही उपयोग नाही. एक बैल तर घाटावरच बसला. मामा दोर हातात धरून बघत होते. म्हणाले, "दादा, पाण्याला नाही भीत तो. पायाखालच्या लोखंडाला भितोय. पाचट टाका की वर." फडातून पाचटाचे दोन भारे आणून पत्र्यावर अंथरले, वर थोडी माती टाकली. बैल उठला, खूर टेकवून बघितला आणि गाडीसकट चढला. नंतर रोज सकाळी पाचट टाकणं हे पहिलं काम झालं. गेला हंगाम संपला तोपर्यंत ते चुकलं नाही.

तिसरा निर्णय: पैसे कोणी, कशाचे द्यायचे

अंतर घटलं म्हणजे सगळ्यांचा फायदा, असं आधी वाटत होतं. कारखान्याने वाहतुकीचा दर काढून दाखवला तेव्हा दोन गाठी समोर आल्या.

पहिली गाठ: तोडणी-वाहतूक खर्च सरासरीने कापला जात होता. जवळचा आणि लांबचा, सगळ्यांना सारखा. त्यामुळे या गावाची वाहतूक कमी झाली तरी बचत हजारो सभासदांत वाटली जाणार, गावच्या पावतीत ती दिसणारच नाही, आणि तराफ्याचा खर्च मात्र गावाने सोसायचा. दुसरी गाठ याहून अवघड होती. गाडीवानाला पैसे टन आणि किलोमीटरवर. तो आधी काठावरून ऊस ट्रॉलीपर्यंत नेत होता, आता थेट कारखान्यापर्यंत नेणार होता, पण पैसे रस्त्याच्या थोड्याच किलोमीटरांचे आणि पाण्यावरचा वेळ फुकट. गाड्या मुकादमाच्या टोळीच्या. मुकादम म्हणाला, माझ्या माणसांनी तासभर पाण्यावर बसायचं कशासाठी?

इथे तोडगा निघाला तो शेतकी अधिकाऱ्याच्या समजूतदारपणामुळे. पाण्याचा टप्पा ठरावीक किलोमीटरांचा धरून गाडीवानाला त्याचे पैसे, आणि तराफ्यासाठी गटाला टनामागे वेगळी रक्कम, दोन्ही कारखान्याच्या वाहतूक खात्यातून. कारखान्याचा फायदा दुहेरी होता: ट्रॅक्टर लांबच्या गटांसाठी मोकळे, आणि ऊस तोडल्याच्या दिवशीच गव्हाणीत, म्हणजे गाळपाला. करार एका हंगामापुरताच झाला. त्यातून पुढे त्रास झाला, पण त्या वेळी तेवढंच मिळत होतं.

परतीचा माल कोणाच्याच डोक्यात नव्हता. गाड्या रिकाम्या येताना एका गाडीवानाने कारखान्यातून प्रेसमड (रस गाळून उरणारा, खताला वापरतात तो गाळ) भरून आणला, स्वतःच्या मेहुण्याच्या शेतासाठी. पंधरवड्यात तराफा दोन्ही बाजूंनी भरलेला जायला लागला: जाताना ऊस, येताना प्रेसमड, खताची पोती, कधी सरकी पेंड. वाहतुकीचं गणित परतीच्या भाड्यावर उभं राहतं, हे ट्रकवाले जन्मभर सांगत आलेत.

चौथा निर्णय: माणसं न्यायची का

ही सगळ्यांत कठीण गोष्ट होती आणि तिच्यावर गटात फूट पडायची वेळ आली. पलीकडे बाजार, पलीकडे हायस्कूल, पलीकडे दवाखाना. गाड्या जातात मग पोरांनी काय घोडं मारलंय, असं बायका विचारत होत्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. जायकवाडीच्या फुगवट्यावर गंगापूर तालुक्यात शाळकरी पोरं थर्माकोलवर बसून जात असल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. गरज खोटी नाही.

तरी नाही असंच ठरलं. बैल बिथरला तर तराफ्यावर माणसाला जागा नसते, आणि एकदा माणसं घेतली की किती, हे कोणी मोजत नाही. तराफ्यावर गाडीवान आणि ओढणारे, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, बाकी कोणी नाही. कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या, लहान लेकरांनासुद्धा गाडीवर बसवून नेऊ दिलं नाही, त्यावरून मुकादमाशी दोनदा तंटा झाला. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर या नियमावर गटात कोणी वाद घातला नाही.

परिणाम

पहिल्या हंगामात, 2022-23 ला, तराफ्यावरून हजार टनांच्या आतच ऊस गेला. गावचा एकूण ऊस याच्या कितीतरी पट. आकडा लहान आहे, हे मान्यच. पण ज्यांचा ऊस गेला त्यांचा तोडीच्या दिवशीच वजन होऊन गेला, आणि काठालगतच्या ज्या फडांना एरवी फेब्रुवारीच्या शेवटी तोड यायची ते जानेवारीत मोकळे झाले. तिथे काहींनी उन्हाळी भुईमूग घेतला.

फेब्रुवारीच्या मध्यात काम बंद पडलं. तराफा धड होता, दोर धड होता, पाणीही भरपूर होतं. काठ हलला होता. दोन्ही बाजूंच्या मोटारींचा उपसा आणि खालच्या बंधाऱ्याला सोडलेलं पाणी यामुळे पातळी दीड मीटर उतरली. काठाचा उतार एकास दहा. म्हणजे घाटाचा मुरूम जिथे संपत होता तिथून पाणी पंधरा मीटर मागे गेलं, आणि मधे काळ्या मातीचा चिखल. भरलेली गाडी आसापर्यंत रुतली, बैल सोडवताना अंधार पडला. दुसऱ्या दिवशी कोणी गाडी आणली नाही.

उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा गटाने खरं काम केलं: कोरड्या पात्रात सर्वांत खालच्या पातळीपर्यंत दगडी पिचिंगचा सलग उतार, दोन्ही काठांना. लोकवर्गणी, पंचायतीचा थोडा हातभार, आणि जेसीबी गटातल्याच एकाचा. तराफ्यापेक्षा घाटाला जास्त पैसे लागले.

आणि मग 2023 चा पावसाळा कोरडा गेला. तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. जायकवाडीत वरून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला, त्यावरून नाशिक-नगरकडे आंदोलनं झाली, आणि अशा वर्षी खालच्या बंधाऱ्यात तराफा तरंगेल एवढं पाणी मागायला तोंड नव्हतं. ऊसही निम्मा वाळला. तराफा काठावर उलटा घालून ठेवला. 2024 ला नाथसागर भरला, बंधारा भरला आणि नव्या घाटामुळे काम मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चाललं. पहिल्या वेळेच्या दुपटीहून जास्त ऊस गेला. पण कारखान्याचा अधिकारी बदलला होता, करार संपलेला होता, आणि टनामागची रक्कम नव्याने ठरेपर्यंत डिसेंबर उजाडला.

सप्टेंबर 2025 च्या पुराने दोराचे खांब उपटून नेले आणि घाटावर दीड हात गाळ बसवला. दगड मात्र जागेवर राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी घाट, मग नाव. नाव दिसते, तिचा फोटो निघतो, तिच्यासाठी वर्गणी जमते. घाटासाठी मे महिन्याच्या उन्हात कोरड्या पात्रात उभं राहावं लागतं. पण पाणी हातभर उतरलं की काठ पाच मीटर मागे जातो, आणि बंधाऱ्यात ते दर हिवाळ्यात होणार हे गावातल्या मोटारवाल्यांना पाठ होतं. कोणी विचारलं नाही. जे कोणी दुसऱ्या बंधाऱ्यावर असा विचार करत असतील, त्यांनी तराफ्याचं कोटेशन मागवण्याआधी एक अख्खा हंगाम दर आठवड्याला पाण्याची रेघ काठीने मोजावी. त्या रेघेवरून घाटाची लांबी निघते आणि वेळापत्रकही.

परवानगीचा कागद तराफा येण्याआधी तहसील, पोलीस ठाणे आणि पाटबंधारे उपविभाग अशा तिन्ही टेबलांवर पोच घेऊन जायला हवा होता. वाळूच्या पट्ट्यात याला पर्याय नाही.

पाण्याच्या पाळ्या कधी, किती, हे ठरतं तिथे शेतीचे, पिण्याचे, उद्योगाचे प्रतिनिधी असतात, वाहतुकीचं कोणी नसतं. पाणी अडवून ठेवा अशी मागणी या गटाने केली नाही, आणि करूही नये असं मला ठामपणे वाटतं. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यापुढे तराफ्याचा हक्क शून्य. पण पाणी सोडण्याच्या चार दिवस आधी कळवा, एवढं मागणं रास्त आहे. चार दिवसांत काठालगतच्या फडांची तोड पुढे ओढता येते.

करार तीन हंगामांचा हवा होता, आणि त्यात कोरड्या वर्षाचं कलम. तराफा चालला नाही तरी दोर, रंग, पेट्यांची गळती यांचा खर्च येतोच. 2023-24 ला तो गटातल्या सात जणांनी खिशातून भरला, त्यातल्या दोघांनी पुढे अंग काढून घेतलं. बैलांचा विमा पहिल्या दिवसापासून हवा होता. तो दुसऱ्या हंगामात उतरवला.

ट्रॉलीचा मोह पुन्हा डोकं वर काढतोय. तोडणी यंत्रं येऊ लागली आहेत, टायरगाड्या कमी होत चालल्या आहेत, आणि दोन-चार वर्षांत घाटावर चढायला बैलगाडीच उरणार नाही, असं तरुण मंडळी म्हणतात. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. 16 मीटर लांब, 6 मीटर रुंद तराफा केला तर 96 चौरस मीटर होतात, टोकावरचा 8 टनांचा भार मग 33 सेंटिमीटरवर येतो, आणि ट्रॉली सुरक्षित चढते. मात्र तेवढा तराफा चार माणसांना दुपारच्या वाऱ्यात ओढवत नाही. मग इंजिन आलं, आणि इंजिनाबरोबर नोंदणी, तपासणी, दाखला हे सगळं आलं. आधीच्या निर्णयाची सगळी साखळी पुन्हा मांडावी लागेल.

सध्या घाटावरचा गाळ काढणं आणि नवे खांब दगडात रोवणं एवढंच हाती घेतलं आहे. मोठ्या तराफ्याचा विषय ग्रामसभेपुढे आहे. मामांचा मुलगा आता काठी घेऊन पात्र नव्याने मापतो आहे, कारण पुराने वाळूचे खड्डे भरले आणि डोह सरकला.